केनियाची सोडत आणि पंधराचे दहा झालेले रुपये

फुकट जमीन म्हटली की आपण एकर मोजतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश केनियात जमीन मिळालेल्या माजी लष्करी अधिकाऱ्यांचं गणित चुकलं ते एकरांत नव्हे, रुपयांत. आणि तो रुपया आपलाच होता.

१९१९ साली गव्हर्नर नॉर्दी, स्वतः मेजर जनरल, यांच्या राजवटीत नैरोबी आणि लंडनमध्ये युद्धातून परतलेल्यांसाठी जमिनींची सोडत निघाली. १६० एकरांपर्यंतचे तुकडे फुकट, मोठी शेतं हप्त्यांनी. पूर्व आफ्रिकेच्या रणात हिंदी पलटणीही लढल्या होत्या, पण सोडत फक्त युरोपीयांसाठी. सैन्याचं सामान वाहणाऱ्या आफ्रिकी हमालांना काही मिळालं नाहीच. उलट तिथल्या नांदी या आफ्रिकी जमातीच्या राखीव मुलखातले सुमारे १०० चौरस मैल या योजनेसाठी कापले गेले.

लायकिपिया या पठारी भागाकडची शेतं रेल्वेपासून लांब. तिथल्या नान्युकी गावाला गाडी पोचली १९३० साली! तोवर माल बैलगाडीने. त्यामुळे वजनाला हलकं, किमतीला भारी असं पीक हवं होतं. अनेकांनी फ्लॅक्स निवडला, म्हणजे लिननच्या धाग्याचा जवस. तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग पाण्यात कुजवायचा, वाळवायचा, झोडपून धागा सोडवायचा. पाणी हवं, यंत्र हवं, मजूर तर हवेतच. केरिचोजवळ अपंग अधिकाऱ्यांची जी वसाहत होती, तिचीही भिस्त यावरच. युद्धकाळात चढलेला भाव १९२० नंतर कोसळला आणि ती वसाहत बुडाली.

त्याच सुमाराला चलनाचा घाव बसला. तिथे हिंदुस्थानी रुपया चाले: एका रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स), म्हणजे पौंडाला १५ रुपये. युद्धानंतर चांदी महागली, रुपया वधारला आणि १९२० मध्ये तिथला दर २ शिलिंगांवर बांधला गेला. पौंडाला १० रुपये. समजा, बँकेचं कर्ज १५,००० रुपये: काल ते १,००० पौंड होतं, आज १,५००. माल विकायचा लंडनला पौंडात. कर्ज आणि मजुरी रुपयात. पेन्शनही पौंडातच यायची, तिलाही तीच कात्री. माझ्या मते फ्लॅक्सपेक्षा हा मार मोठा होता, कारण पीक बदलता येतं, बँकेचं खातं नाही.

शेतमालकांनी तोटा खाली ढकलला. १९२१ मध्ये आफ्रिकी मजुरांचा पगार एक तृतीयांशाने कापायचं ठरलं. त्याविरुद्ध नैरोबीत संघटना उभी करणाऱ्या हॅरी थुकूला मार्च १९२२ मध्ये अटक झाली. सुटकेसाठी जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला.