पंचतरणीपासून सहा किलोमीटर

‘आईला तशा अवस्थेत तंबूत ठेवून तुम्ही पुढे गेलातच कसे?’ लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, बारशाला विचारून झालं. परवा गणपतीच्या आरतीनंतर हातावर प्रसाद ठेवता ठेवता एकांनी पुन्हा विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहितो.

अमरनाथ यात्रेच्या तयारीत कसूर नव्हती. आई तेव्हा सहासष्ट वर्षांची. चार महिने रोज पहाटे चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत चालायची, घरी येताना चाळीचे चार जिने चढायची. डॉक्टरांचं प्रमाणपत्र रीतसर घेतलेलं. पण समुद्राकाठी कितीही चाललं तरी बारा हजार फुटांवरच्या विरळ हवेची सवय होत नाही. हे मला माहीत होतं, आणि तिला धाप लागतेय हेही मला महागुणसच्या घाटातच दिसलं होतं. ‘इथे सगळ्यांनाच लागते,’ असं म्हणून मी घोडेवाल्याला चल म्हणालो. याबद्दल मला कुणी विचारत नाही. खरं तर हेच विचारायला हवं.

पंचतरणीला, गुहेआधीच्या शेवटच्या मुक्कामाला, रात्रभर ती उशीला टेकून बसून होती. आडवं झालं की खोकला. सकाळी ओठ निळसर दिसले. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि म्हणाले, यावर खरा उपाय एकच, खाली उतरवणं. हेलिकॉप्टरने न्यायचं ठरलं, पण दरीत ढग बसले होते. ढग हटेपर्यंत थांबा, म्हणाले.

गुहा तिथून सहा किलोमीटर. आईने मास्क बाजूला केला. ‘तू जाऊन ये. इथवर येऊन दोघांनीही नाही बघायचं?’ मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

आमचा घोडेवाला पहलगामकडचा, वयाने माझ्याएवढा. तो म्हणाला, मी माँजींपाशी बसतो. मी दुसरा घोडा केला.

वर पोचलो, पायऱ्या चढलो. यात्रेचे शेवटचे दिवस. छतातून पाणी ठिबकत होतं आणि बर्फाचं लिंग गुडघ्याएवढंही उरलं नव्हतं. हात जोडले, पण मनात काय मागितलं ते आजही आठवत नाही. एवढंच आठवतं की आकाश निळं झालं होतं आणि खालून हेलिकॉप्टरचा आवाज आला.

परत येईपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते. अकराच्या सुमाराला ढग उघडले होते. जागा होती, पण पेशंटबरोबर घरचं माणूस नाही, म्हणून तिला पाठवलं नव्हतं. घोडेवाल्याने ‘मी जातो’ म्हणून पाहिलं, पण त्याला नेलं नाही. मी पोचलो तेव्हा दरी पुन्हा भरली होती. तो तंबूच्या दारात तसाच बसून होता. मला काहीच बोलला नाही.

ती रात्र मी तिचे श्वास मोजत काढली. 1996 च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर बर्फवृष्टीत दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले, हे घरून निघतानाच वाचलेलं होतं. इथली हवा कुणासाठी थांबत नाही हे ठाऊक असूनही मी सहा किलोमीटर वर गेलो होतो. सकाळी हवा उघडली, आम्ही बालटालला उतरलो आणि संध्याकाळी तिने चहा मागितला.

नंतर बरीच वर्षं मी एक उत्तर देत असे. शंकराने पार्वतीला अमरकथा सांगायला गुहेकडे जाताना पहलगामला नंदी सोडला, चंदनवाडीला चंद्र, शेषनागला नाग, महागुणसला पोटचा गणेश आणि पंचतरणीला पंचमहाभूतं. यात्रा म्हणजे मागे सोडत जाणंच, असं मी ठासून सांगायचो. एकदा सांगता सांगता थांबलो. पार्वतीला त्याने कुठेच सोडलं नव्हतं.

पण आईने स्वतः पाठवलं होतं, हेही खोटं नाही. मी बसून राहिलो असतो तर ‘माझ्यामुळे तुझं दर्शन चुकलं’ हे तिने जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. हे मी मनापासून मानतो. मग अकराचं ते हेलिकॉप्टर आठवतं.

बालटालला तिने विचारलं, ‘केवढं होतं रे?’ मी हात छातीपर्यंत नेला. आजही कुणी घरी आलं की ती तसाच हात नेऊन दाखवते, ‘एवढं! माझ्या मुलाने पाहिलं.’ मी शेजारीच बसलेला असतो.