तंजावरला दीड दिवस कमी पडला

तिरुचीहून बसने तंजावर गाठलं आणि जुन्या बसस्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ होती, पण फोनवर कबूल केलेलं गरम पाणी काही आलं नाही. गार पाण्यानेच आंघोळ उरकली आणि उजाडता उजाडता बृहदीश्वराच्या आवारात पोचलो. ही वेळ साधाच. दुपारी देऊळ बंद असतं आणि पुढे फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाहीत.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं. ग्रॅनाइटचं ६६ मीटर उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, कोवळ्या उन्हात मधासारखं दिसत होतं. पण मी खरा थबकलो तो भिंतीवरच्या मराठीपाशी. तंजावरवर राज्य केलेल्या भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास इथे दगडात कोरून घेतला. आजूबाजूला सगळे तमिळ शिलालेख, आणि मधेच आपली अक्षरं! बोट न लावता एकेक शब्द जुळवत गेलो. "राजे" हा शब्द लागला तेव्हा घसा दाटून आला. शेजारून एक सहल गाइडमागे भराभर पुढे निघून गेली. त्यांना कुणीतरी थांबवायला हवं होतं असं फार वाटलं.

न्याहारीला इडली आणि कडप्पा. बटाटा आणि मूगडाळीचं हे पातळ कालवण, त्याला नारळ आणि बडीशेपेचा वास. कुंभकोणम-तंजावर सोडलं तर सहसा मिळत नाही. वर पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, इथल्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली, ही गोष्टही ऐकायला मिळाली. पुरावा कुणापाशी नाही, पण ऐकायला गोड वाटते.

राजवाड्याची पडझड बघून वाईट वाटतं. सरस्वती महाल ग्रंथालयाने मात्र मन भरलं. ताडपत्रं, मोडी कागद, मराठी हस्तलिखितं. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या दवाखान्यातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, याच संग्रहात जपल्या आहेत. इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेणारा राजाही हाच, तेही १८०६ साली! प्रदर्शनाचं दालन लहान आहे, तरी दोन तास ठेवा. कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्तींना माझ्याकडे जेमतेम अर्धा तास उरला, त्याची चुटपुट अजून आहे.

ग्रंथालयाच्या पायरीवर एक आजोबा भेटले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीतच विचारपूस केली. हेल पूर्ण तमिळ, शब्द मात्र आपले, काही तर माझ्या पणजीच्या तोंडचे. त्यांच्या घरी आजही मराठीच बोलतात. "जेवलात का?" त्यांनी विचारलं, आणि केळीच्या पानावरचं जेवण कुठे चांगलं मिळेल ते रस्त्यापर्यंत येऊन दाखवलं.

संध्याकाळी तिरुवैयारूचा अशोका हलवा बांधून घेतला. मूगडाळीचा, तुपाने ओथंबलेला. पुण्यापर्यंत पोचला नाही.