कारभार रुग्णांच्या हाती

अमेरिकेत विमा नसलेल्या माणसाला आजारापेक्षा बिलाची धास्ती अधिक असते. १९८६च्या कायद्यामुळे रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला त्याला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, हे खरे. पण तेथे मिळतात ते प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार, आणि बिल मागाहून येतेच. मधुमेहासारख्या, वर्षानुवर्षे देखरेख लागणाऱ्या दुखण्याला त्याचा फारसा उपयोग नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे करतात.

जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी १९६५ साली बोस्टनमधील कोलंबिया पॉइंट वसाहतीत आणि त्यानंतर मिसिसिपीतील माउंड बायू येथे अशी केंद्रे उभारली. माउंड बायूत येणारी कित्येक मुले कुपोषित असल्याने तेथील डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्नधान्य लिहून देत. किराणा दुकानदार माल देत आणि पैसे केंद्राच्या औषध खात्यातून वळते होत. वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा गायगर यांचे म्हणणे सरळ होते: कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे. याच केंद्राने विहिरी खोदल्या, शौचालये बांधली आणि सहकारी शेतीही उभी केली.

आज या केंद्रांविषयी बोलताना उत्पन्नानुसार आकारल्या जाणाऱ्या शुल्काचेच कौतुक होते. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सवलत मिळते आणि खुद्द रेषेखालच्यांकडून नाममात्र रक्कम घेतली जाते किंवा तीही घेतली जात नाही. मला मात्र दुसरा एक नियम अधिक मोलाचा वाटतो. केंद्राच्या नियामक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य तेथेच उपचार घेणारे रुग्ण असावे लागतात, आणि संचालकाची निवड, अंदाजपत्रक, कोणत्या सेवा द्यायच्या व दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे सारे ते मंडळ ठरवते. तासावर मजुरी मिळणाऱ्याला दुपारी डॉक्टरकडे जाणे म्हणजे त्या तासांच्या कमाईवर पाणी सोडणे, हे त्या मंडळात कुणाला समजावून सांगावे लागत नसावे. (सल्लागार समितीत शोभेपुरते दोन नागरिक बसवण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहेच.)

अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. प्राथमिक उपचार, लसीकरण, दातांची देखभाल हे केंद्रात होते. पण कर्करोगाचा संशय आला की रुग्णाला बहुधा बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागते आणि विमा नसलेल्याला तेथे सवलत मिळेलच याची शाश्वती नसते. केंद्राचे कर्मचारी फोनवर विनवण्या करून तारीख मिळवू पाहतात, कारण त्या तज्ज्ञाच्या दरपत्रकावर रुग्णांच्या मंडळाची काहीही सत्ता चालत नाही.