एकही मल्टिप्लायर न वापरता डीसीटी: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पाला मी एचइव्हीसी या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकातला ८ बिंदूंचा डीसीटी निवडला. डीसीटी म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म: चित्रातले नमुने ठरलेल्या आकड्यांनी गुणून, बेरजा करून त्यांना फ्रिक्वेन्सींच्या आकड्यांत बदलायचं. गणित जुनंच, १९७४ साली नसीर अहमद, नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलेलं. मला ते एएसआयसीवर, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या चिपवर, कमीत कमी जागेत बसवायचं होतं. एफपीजीएवर, म्हणजे नंतर हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर, डीएसपी ब्लॉक (गुणाकाराची तयार सर्किटं) आयते मिळतात, त्यामुळे तिथे गुणाकार फुकट वाटतो. एएसआयसीमध्ये प्रत्येक मल्टिप्लायर (गुणाकार करणारं सर्किट) जागा खातो.

सरळ मॅट्रिक्सने गेलं तर ८ नमुन्यांना ६४ गुणाकार लागतात. पहिला आणि आठवा, दुसरा आणि सातवा अशा जोड्यांची बेरीज-वजाबाकी आधी उरकली, सम ओळींवर तीच युक्ती पुन्हा चालवली, की खरे गुणाकार २० उरतात. ६४ ने गुणणं मी त्यात धरत नाही, कारण तिथे तारा सहा घरं सरकवून जोडल्या की झालं. इथवर कुठल्याही पुस्तकात सापडतं.

पुढे मॅडम म्हणाल्या, "व्हेरिलॉग नंतर लिही. आधी ८९, ७५, ५०, १८ हे आकडे वहीत फोडून बघ." व्हेरिलॉग ही सर्किटचं वर्णन लिहायची भाषा, आणि हे आकडे म्हणजे मॅट्रिक्सच्या विषम ओळींतले गुणक. बसले फोडत. ८ आणि १ मिळून ९. त्यात १६ मिळवले की २५. ९ ची दुप्पट १८, २५ ची दुप्पट ५०, आणि दुप्पट म्हणजे नुसती तार सरकवणं. ५० आणि २५ चे ७५, ६४ आणि २५ चे ८९. चार ॲडरमध्ये (बेरजेच्या सर्किटांत) चारही गुणाकार! सम भागातल्या ३६ आणि ८३ लाही तोच ९ उपयोगी पडला: ३६ म्हणजे ९ ची चौपट, ८३ म्हणजे ६४, १८ आणि १. त्या संध्याकाळी मला हा विषय मनापासून आवडायला लागला.

बिटांचा हिशेबही हातानेच केला. डीसीटीला मिळतो तो मूळ चित्र आणि त्याचा अंदाज यांतला फरक; ८ बिटी व्हिडिओत तो जास्तीत जास्त २५५ चा. आठही नमुने २५५ असले तर पहिल्या ओळीत (तिथले आठही गुणक ६४) २५५ गुणिले ५१२, म्हणजे १,३०,५६०. मानकाच्या संदर्भ सॉफ्टवेअरप्रमाणे दोन बिट कापले की ३२,६४०. सोळा बिटांत ३२,७६७ पर्यंत मावतं, म्हणजे जेमतेम बसलं. हे मानक आखणाऱ्यांनी हार्डवेअरचा किती विचार केला असेल!

जागा खरी खाल्ली ती ट्रान्सपोज बफरने. ओळींचा डीसीटी झाला की ६४ आकडे साठवून स्तंभांनी वाचायचे, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १०२४ फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारी सर्किटं). दोन बफर आलटून पालटून वापरले तर त्याच्या दुप्पट. मी एकच ठेवला: जुना ब्लॉक स्तंभांनी बाहेर पडत असताना नवा त्याच रिकाम्या होणाऱ्या स्तंभांत भरायचा, आणि पुढच्या वेळी दिशा बदलायची. कंट्रोल लॉजिक थोडं वाढतं, पण सौदा फायद्याचा आहे.

पडताळणीला पायथॉनमध्ये मॉडेल लिहिलं. टेस्टबेंचमधून (सर्किट तपासायच्या कोडमधून) रँडम ब्लॉक, सगळे २५५, सगळे उणे २५५ असं सगळं सोडलं आणि शेवटच्या बिटापर्यंत जुळलं.

आता १६ बिंदूंचा घेतला आहे. त्याचे नवे स्थिरांक ९०, ८७, ८०, ७०, ५७, ४३, २५, ९. यातले ९ आणि २५ हाताशी आहेतच. ३२ आणि २५ चे ५७, २५ आणि १८ चे ४३, ४३ च्या दुपटीत १ मिळवला की ८७. ५ एकदा तयार केला की ८० ला नुसती तार सरकवायची; ८० मध्ये १० मिळवले की ९०, वजा केले की ७०. आठ स्थिरांकांना आठ ॲडर पुरतात.