फळी, बेअरिंगं आणि टोनी हॉक

गॅरेजवाल्याने टाकून दिलेली बेअरिंगं, सुताराकडून मागून आणलेली फळी आणि मूठभर खिळे, एवढ्यावर आमच्या लालबागच्या चाळीत गाडी तयार व्हायची. ती धावायची कमी, खडखडायची जास्त. दुपारची झोप मोडली की पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून आमचा उद्धार करायच्या आणि आम्ही आणखी जोरात ढकलायचो. बाकीची पोरं त्या गाडीवर बसायची. मला उभं राहायचं होतं, कारण केबलवर अमेरिकेचा स्केटबोर्डवाला टोनी हॉक दिसला होता. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने हवेत अडीच गिरक्या घेतल्या आणि फळीसकट परत उतरला. आधी कितीदा तरी आपटून!

पुढे कळलं की कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही १९५०च्या दशकात रोलर स्केटची चाकं फळीला ठोकूनच सुरुवात केली होती. म्हणजे लालबाग फार मागे नव्हतं. मग ते सुटले. १९७०च्या दशकात फ्रँक नॅसवर्दीने रस्ता धरून ठेवणारी युरेथेन नावाच्या प्लास्टिकची चाकं आणली. १९७६-७७च्या दुष्काळात तिथल्या बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तर पोरं त्यांच्या गोलाईवर स्केटिंग करू लागली. आमच्याकडे पाणी गेलं की टँकर यायचा आणि आई हातात बादली द्यायची.

माझं स्वप्न विझलं ते भीतीने नाही, अभ्यासानेही नाही. दहावी काय, सगळ्यांनाच होती. नडली ती जमीन. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचं. खडीचा एक दाणा आडवा आला तरी फळी थांबते आणि माणूस पुढे जातो. इथे शहाबादीचे सांधे, गटारांची झाकणं, नंतर पेव्हर ब्लॉक, त्यात चार महिने पाऊस. चाळीसमोर थोडी गुळगुळीत जागा होती, तिथे आधी स्कूटर लागल्या, मग मारुती. क्रिकेटने या अडचणीतही संसार थाटला: एक टप्पी आउट, गाडीच्या काचेला बॉल लागला तर आउट आणि वर पळून जायचं. चाकाला कुठले नियम शिकवणार? त्याला सपाट जागाच लागते, आणि मुंबईत सपाट जागा दिसली की तिच्यावर कोणीतरी काहीतरी उभं करतं.

आता कार्टर रोडला स्केटपार्क आहे. कधी त्या बाजूला गेलो की कठड्याशी रेंगाळतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली जपानच्या मोमिजी निशिया या मुलीने तेराव्या वर्षी स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलं. इथेही त्याच वयाच्या मुली उतारावरून खाली झेपावतात. मला त्यांच्या कसरतींपेक्षा त्यांचं पडणं आवडतं. इतकं बिनधास्त! कोपर झटकायचं, फळी उचलायची, परत वर. आई-बाबा बाकावर मोबाइल बघत असतात, कोणी ‘अगं लागलं का’ म्हणून धावत नाही. आमच्या चाळीत एकाने गुडघा फोडला की हळदीचे डबे तीन घरांतून यायचे.

परवा एका पोराने बोर्ड पायाने माझ्याकडे सरकवला. “काका, ट्राय करा ना.”

मी आजूबाजूला बघितलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

“थांबा, हेल्मेट घाला आधी,” म्हणत त्याने स्वतःचं काढून दिलं. ते माझ्या कानांच्या वरच अडकलं. मग आम्ही दोघं मिळून त्याचा पट्टा सैल करायला बसलो.