दीड हजार रुपयांत फोन आणि स्मार्टवॉच मार्गी लावताना

फोन तीन वर्षं जुना, घड्याळ दोन वर्षांचं. चार्जिंग रडतखडत, हेडफोनची पिन कुठे लावायची हा रोजचा प्रश्न, स्क्रीनवरच्या संरक्षक ग्लासला तडे, घड्याळाचा पट्टा तुटलेला आणि त्याचा चार्जर हरवलेला. नवीन काही घ्यायचं नाही, जे आहे तेच नीट चालवायचं, असं ठरवून मी खरेदीची यादी केली. यादीत वस्तूंची नावं न लिहिता तक्रारी लिहिल्या. ‘फास्ट चार्जर घ्यायचा’ लिहिलं की आपण थेट चार्जरच आणतो. ‘चार्जिंगला तीन तास लागतात’ लिहिलं की आधी कारण शोधावं लागतं, आणि ते बऱ्याचदा चार्जरमध्ये नसतं.

सुरुवात फुकटच्या कामानं केली. चार्जिंगचं पोर्ट ढिलं झालंय, केबल जरा हलली की चार्जिंग तुटतं, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की पोर्ट बदलायचं बिल होतं. पण खिशातली लव, धूळ आणि कापडाचे धागे आत दाबून बसले की केबल शेवटपर्यंत जातच नाही, आणि लक्षण अगदी तेच दिसतं. फोन बंद करायचा, टॉर्चनं आत पाहायचं आणि लाकडी टूथपिक पोर्टच्या तळाला टेकवून कडेकडेनं कचरा बाहेर ओढायचा. मधली पातळ जीभ सांभाळायची, कारण पिना तिच्यावरच असतात. सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नये. धातूनं पिना वाकतात, शॉर्टही होतात. तोंडानं फुंकर मारली तर वाफ आत जाते. कचरा निघाल्यावर केबल ‘टक्’ करून बसली, तर पोर्ट चांगलं आहे असं समजा.

त्यानंतर केबल. खरा घोळ सगळ्यात जास्त इथेच असतो. केबलवर बारीक अक्षरांत काही छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्यावी. ‘२८ एडब्ल्यूजी १पी, २४ एडब्ल्यूजी २सी’ असा मजकूर असेल, तर डेटाच्या तारा २८ नंबरच्या आणि वीज वाहणाऱ्या दोन तारा २४ नंबरच्या आहेत. हा नंबर जितका लहान तितकी तार जाड. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, तर २४ नंबरचा ०.०८४. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून एक मीटर केबलमध्ये तार दोन मीटर धरायची. २ अँपिअरला बारीक तारेत साधारण ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात, जाड तारेत ०.३४. चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले तरी फोनपर्यंत पोचतात ४.१५. व्होल्टेज इतकं खाली आलं की फोन आपणहून प्रवाह कमी करतो. चार्जर चांगला, बॅटरी चांगली, तरी तीन तास लागतात ते यामुळे. तार जितकी लांब तितका रोध जास्त. दोन मीटरची बारीक केबल घेतली तर ही गळती दुप्पट होते.

छपाई नसेल किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर मीटर लावून बघायचं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला यूएसबीला लावायचा छोटा व्होल्ट-अँपिअर मीटर मिळतो. तो नसेल तर बॅटरीत जाणारा प्रवाह दाखवणारं एखादं ॲप चालतं. फोनची बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायची, स्क्रीन बंद करायचा आणि तोच चार्जर ठेवून एकेक केबल दोन मिनिटं लावून आकडा टिपायचा. ८० टक्क्यांच्या पुढे फोन स्वतःच प्रवाह उतरवतो, त्यामुळे तिथे केलेली तुलना फसवी निघते. घरात पडून असलेल्या पाच-सहा केबलींत एक तरी बरी सापडते. नाहीच सापडली, तर छपाई वाचून घेतलेली एक मीटरची केबल १८०-२०० रुपयांत मिळते. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत पुरते. ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी छोटी चिप लागते, म्हणून ती महाग असते. फोन ५ अँपिअर मागत नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बरेच जण तिच्यात अडकतात. स्वस्त टॉर्च, इअरबड किंवा स्पीकर सी-टू-सी केबलनं चार्जच होत नाही, पण जुन्या चपट्या यूएसबी-ए टोकाच्या केबलनं होतो. वस्तू बिघडलेली नसते. सी-टाइप पोर्टच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर असावे लागतात. ते दिसल्याशिवाय सी-टाइप चार्जर वीज सोडतच नाही. पैसे वाचवायला कंपनीनं ते गाळलेले असतात. अशा वस्तूंसाठी ए-टू-सी केबल राखून ठेवावी.

चार्जर घेताना वॅटचा आकडा बघून भागत नाही, भाषा जुळली पाहिजे. काही कंपन्यांचे फोन स्वतःच्याच पद्धतीनं जास्त अँपिअर खेचतात. त्यांना दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर लावला तरी ते १०-१८ वॅटवरच अडकतात. त्यांचा मूळ चार्जर आणि मूळ केबल लागतेच. बाकी बहुतेक फोन पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी ही सामायिक पद्धत समजतात, आणि काहींना पूर्ण वेगासाठी त्यातलं पीपीएस, म्हणजे व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलायची सोय, लागतं. मी फोनच्या माहितीपत्रकातलं चार्जिंगचं नाव वाचून २५ वॅटचा पीपीएस चार्जर घेतला, ४५० रुपयांना. चार्जरवर बीआयएसची म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण, मानकाचा क्रमांक (उदा. आयएस १३२५२ (भाग १)) आणि ‘आर’नं सुरू होणारा आठ आकडी नंबर असावा लागतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानात उभं राहूनच टाकायचा. कंपनीचं नाव आणि वस्तू दोन्ही जुळली पाहिजेत. नंबर खरा पण दुसऱ्याच कंपनीचा, असाही माल मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यात संकोच करू नये. भिंतीतले २३० व्होल्ट आणि हातातला फोन यांच्यामध्ये एवढी एकच वस्तू असते. सगळ्या खरेदीत चार पैसे जास्त कुठे टाकायचे, तर ते इथेच.

पॉवर बँक माझ्याकडे होती, त्यामुळे घ्यावी लागली नाही. पण तिचा हिशेब लोक चुकवतात. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टला चढवताना थोडी ऊर्जा जाते आणि हाताला साधारण ३१ येतात. ५००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॅट-तास मावतात. म्हणजे फोन दीडदा भरतो, दोनदा नाही. यात फसवणूक नाही. डब्यावर ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दुसरा, ६००० च्या आसपासचा आकडा असतो, तो बघून घ्यावा. फुगलेली पॉवर बँक मात्र एक दिवसही वापरू नये.

हेडफोनसाठी सी-टाइपला लावायचा ३.५ मिमीचा कनेक्टर हवा होता. साठ रुपयांचा आणि साडेतीनशेचा बाहेरून सारखेच दिसतात, पण आतून दोन वेगळ्या वस्तू असतात. स्वस्तातला फक्त तारा जोडतो आणि आवाजाचे सिग्नल फोनकडूनच तयार येतील असं गृहीत धरतो. ही सोय फार थोड्या फोनमध्ये असते. बाकीच्यांना डॅकवाला, म्हणजे आत डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप असलेला लागतो. ओळखायची खात्रीची युक्ती अशी, की कनेक्टर लॅपटॉपच्या सी-टाइप पोर्टला लावायचा. साउंडच्या यादीत नवीन डिव्हाइस दिसलं तर डॅक आहे, काहीच दिसलं नाही तर नुसत्या तारा. डॅकवाला असूनही फोनमध्ये आवाज येत नसेल, तर सेटिंग्जमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची यूएसबी उपकरणं जोडायची सोय, चालू आहे का ते बघावं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते मुद्दाम चालू करावं लागतं आणि वापर नसला की दहा मिनिटांत आपोआप बंद होतं.

ग्लासबद्दल थोडक्यात. ‘९एच’ हा पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे, आणि ‘११डी’, ‘२१डी’ला काहीच अर्थ नाही. वाळूतले गारेचे कण कुठल्याही टेम्पर्ड ग्लासवर ओरखडा काढू शकतात, म्हणून कोकणातून आल्यावर फोन पुसण्याआधी झटकावा. सपाट स्क्रीनला साधी १५० रुपयांची ग्लास पुरते. कडेला वळलेल्या स्क्रीनला द्रव डिंक ओतून यूव्ही दिव्यानं सुकवायची ग्लास लावतात. तो डिंक स्पीकरच्या जाळीत आणि बटणांत शिरतो, म्हणून तिथे पातळ टीपीयू (लवचीक प्लास्टिकची) फिल्म घेतलेली बरी. बोटाचा ठसा स्क्रीनखाली घेणारा फोन असेल, तर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी ठसा वाचणाऱ्या) सेन्सरला ग्लास आणि स्क्रीन यांच्यातली हवेची फट चालत नाही. ग्लास लावल्यावर जुने ठसे काढून नव्यानं नोंदवायचे आणि ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची. ग्लास घरी लावायची तर अंघोळीनंतर न्हाणीघरात, वाफेनं धूळ खाली बसलेली असताना, पंखा बंद ठेवून.

फोन स्कूटरच्या हँडलला लावायचा होल्डर मी यादीतून काढून टाकला. जोरदार इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता, आणि तशी यंत्रणा आता बऱ्याच फोनमध्ये असते. ज्यांना होल्डर लागतोच त्यांनी रबरी डॅम्पर असलेला घ्यावा.

आता घड्याळ. पट्ट्याचं माप मॉडेलच्या नावावरून न ठरवता पट्टीनं मोजायचं: पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांच्या आतलं अंतर. बहुतेक वेळा १८, २० किंवा २२ मिमी यांपैकी एक निघतं. २२ च्या खाचेत २० चा पट्टा बसल्यासारखा वाटतो, पण दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर फट राहते, स्प्रिंगची दांडी कानात अर्धीच शिरते आणि एक दिवस घड्याळ हातातून गळून पडतं. क्विक रिलीज म्हणजे नखानं सरकवायची छोटी कळ असलेला पट्टा घ्यावा. बसवल्यावर दोन्ही टोकं धरून जोरात ओढून बघायचं. काही घड्याळांना कंपनीची वेगळीच खाच असते, तिथे बाजारातला साधा पट्टा बसत नाही.

पट्टा कशाचा आहे तेही बघावं. सिलिकॉन घाम आत अडवतं. मुंबईच्या मे महिन्यात रोज पाण्यानं धुऊन, मनगटासकट कोरडं केलं नाही तर पुरळ येतं. विणलेला नायलॉनचा पट्टा हवा खेळती ठेवतो, पण पावसाळ्यात भिजला की वाळायला वेळ लागतो. मी दोन्ही घेतले, मिळून २०० रुपये, आणि ऋतूप्रमाणे बदलतो. चुंबकावर चिकटणारे पट्टे दिसतात छान, पण घड्याळातलं होकायंत्र चुकवतात. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर आणि सेन्सरखाली उजेड शिरणार नाही इतपत घट्ट असावा. हृदयाचे ठोके चुकीचे येतात अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यानंच मिटते.

घड्याळाच्या चार्जरनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. स्वस्त घड्याळांना पाठीवर दोन किंवा चार पिनांचे ठिपके असतात आणि केबल चुंबकानं चिकटते. दोन पिनांच्या सगळ्या केबली एकच नसतात. २.८४ मिमी आणि ४ मिमी ही अंतरं जास्त दिसतात, आणि ती एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर घड्याळाची पाठ पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. अंतर जुळलं तरी धन-ऋण जुळलं पाहिजे. चुंबकांची मांडणी उलटी असेल तर केबल नीट चिकटते आणि वीज उलटी देते. म्हणून घड्याळाचं मॉडेल लिहिलेलीच केबल घ्यावी, किंवा कुणाच्या चालू घड्याळाच्या केबलशी मल्टिमीटरनं ताडून घ्यावी. मला २०० रुपयांना मिळाली.

ही केबल ५ व्होल्ट, १ अँपिअरच्या जुन्या ॲडॉप्टरला लावतो. पॉवर बँकेवर घड्याळ मध्येच चार्ज व्हायचं थांबतं, कारण ते इतका कमी प्रवाह घेतं की पॉवर बँकेला काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि ती बंद होते. अनेक पॉवर बँकांमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाचा मोड चालू होतो. तो शोधावा.

घड्याळ हातातून काढून घामासकट चार्जरवर ठेवू नये. खारट ओल आणि वीज एकत्र आली की पिनांवर हिरवा-काळा थर धरतो, आणि चार-सहा महिन्यांत केबल चिकटते पण चार्जिंग होत नाही. थर आला असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायचं, चाकूनं खरवडायचं नाही, नाहीतर वरचा मुलामा जातो. चुंबकाचं टोक नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या कप्प्यात टाकून, दुसरं टोक पॉवर बँकेला लावलेलं ठेवू नये, थेट शॉर्ट होतं. आणि घरात अशी दोन घड्याळं असतील तर दोन्ही केबलींच्या टोकांवर आणि त्यांच्या घड्याळांच्या पट्ट्यांखाली वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. आमच्याकडे एक लाल, एक निळा आहे.