पंख्यात अडकलेला दोर

बाबांनी चाळीस वर्षं दाभोळच्या खाडीत लाँचचं इंजिन सांभाळलं. म्हणून 'द आफ्रिकन क्वीन' बघायचा तर त्यांच्याच शेजारी बसून, हे माझं कधीचं ठरलेलं. यंदा गणपतीला घरी गेले तेव्हा टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मराठीत सांगत सांगत पिक्चर दाखवला.

१९५१ चा, जॉन ह्यूस्टनचा. गोष्ट १९१४ ची, जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेतली. भाऊ गेल्यावर एकटी पडलेली मिशनरी रोझ आणि जिन पिणारा, तेलकट हातांचा चार्ली त्याच्या जुन्या वाफेच्या बोटीतून नदी उतरतात. खाली सरोवरात जर्मन युद्धनौका आहे, ती उडवायची, बेत रोझचा. कॅथरिन हेपबर्न आणि हंफ्री बोगार्ट. बोगार्टला त्याचं एकमेव ऑस्कर याच कामासाठी मिळालं.

चार्ली बॉयलरला लाथ घालतो तिथेच बाबा पुढे सरकून बसले. पुढे खडकांवर आपटून बोटीच्या पंख्याचा शाफ्ट वाकतो, पंख्याचं एक पातं जातं. रोझ हट्ट धरते, दोघं पाण्याखाली बुड्या मारून शाफ्ट काढतात, काठावर आग करून सरळ करतात, नवं पातं जोडतात. मला त्यांचं प्रेम खरं वाटतं ते या कामात. बाबांनी पिक्चर थांबवायला लावला.

"शाफ्ट सरळ होईल गो. पण पात्यांचं वजन सारखं हवं, नायतर बोट हादरत ऱ्हाईल."

पिक्चरमधली जर्मन युद्धनौका ज्या खऱ्या बोटीवरून सुचली, ती टांगानिका सरोवरातली. १९१६ मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवली, पण बुडवण्याआधी इंजिनांना ग्रीस चोपडून ठेवलं. पुढे ती वर काढली आणि पुन्हा चालू झाली. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इंजिनवाले चांगले होते."

शाफ्ट वाकण्याआधी एक छोटा प्रसंग आहे. जवळ आल्यावर रोझ चार्लीला विचारते, तुझं नाव काय? तोवर नुसतं 'मिस्टर ऑलनट'.

बाबांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "उखाणा सोडला तर हिनं माझं नाव एकदाच घेतलंय."

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. आई शेवटच्या फेरीनं माहेरी निघालेली. सुकतीच्या ओढीत पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळला. नांगर टाकून बाबा कोयती घेऊन खाली उतरले. कमरेच्या दोरीचं टोक आईच्या हातात. दोनदा वर आले. तिसऱ्यांदा दोरी सैल पडली आणि आई त्यांच्या नावानं ओरडली, एकेरी, खाडीभर ऐकू जाईल असं. दोर सुटला तोवर पाणी उतरलं होतं. मग भरती येईपर्यंत लाँच चिखलावर, आणि ही दोघं रात्रभर फळीवर बसून.

आई मोदकांचं सारण हलवत होती. मान वर न करता म्हणाली, "पाणी काळं होतं. पाण्याखाली 'अहो' कोणाला ऐकू जाणार?"